फोडशी की कोळकांदा? रानभाज्यांच्या ओळखीच्या खुणा आणि त्यांचे तोतये

पानदेठ
पाऊस लागला की या मंचावर पातीचा एक फोटो आणि खाली "ही फोडशीच ना?" असा प्रश्न, हे दर वर्षीचं. फोटोवरून "हो" म्हणायला मी तयार नसतो. का, ते एकदाच नीट लिहून ठेवतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे कान धरावा.

पहिला घोळ नावाचा. ही भाजी कुठे फोडशी, कुठे कुलू, कुठे कोळी. आणि कोळकांदा, ज्याला रानकांदाही म्हणतात, तो विषारी. म्हणजे कोळी खायची, कोळकांदा नाही. नुसत्या नावावर भाजी ओळखणाऱ्याचं इथेच गाडं अडतं. त्यात ठाकर, महादेव कोळी, कातकरी, वारली या सगळ्यांची नावं सारखी नाहीत; एका खोऱ्यातलं नाव पलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्याच झाडाला लागतं.

नाव बदलतं, बघायची रीत मात्र सगळीकडे बरीचशी सारखी आहे. भाजी कुठल्या जागी आली, कधी आली, जमिनीतून कशी निघाली, मोडल्यावर काय दिसलं, बुडाशी काय आहे, आणि तिचा तोतया कोण. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ज्याला तोतया माहीत नाही त्याला भाजीही माहीत नाही असं धरून चालावं.

फोडशी म्हणजे क्लोरोफायटम. या नावाखाली एकाहून जास्त जाती खाल्ल्या जातात. त्यातली एक बोरिविलियानम, बोरिवलीवरून नाव पडलेली सफेद मुसळी. पात खोडावर नसते, थेट जमिनीतून झुपक्याने निघते. मधोमध दुमडलेली, पन्हाळीसारखी, बुडाशी पांढरी. चुरगळली तर गवताइतकाच वास, चीक नाही. तरीही खात्री पातीवरून होत नाही, बुडाशी होते: खुरप्याने एकच झुपका मुळासकट उकरायचा. फोडशीला खाली बोटांसारख्या जाड मुळ्यांचा गुच्छ असतो, किंवा बारीक मुळ्यांच्या टोकांना लोंबत्या गाठी असतात. कांदा नसतो. पापुद्रे दिसले की टोपली रिकामी करायची.

एका जागेत एकच झुपका उकरायचा, बाकीच्या पाती विळ्याने जमिनीच्या वर कापायच्या. मुळी राहिली तर पुढच्या पावसात भाजी आहे. सफेद मुसळीच्या व्यापारासाठी मुळासकट उपटून डोंगरचे डोंगर आधीच रिकामे झालेत.

भातखाचर
तोतये तीन आहेत, तेही लिहा. मीच लिहितो.

कोळकांदा, म्हणजे ड्रिमिया इंडिका. पात चपटी, लांब, बुडाशी मोठा कांदा. कापला तर पापुद्रे अगदी कांद्याचे पण वास कांद्याचा नाही, आणि रस बुळबुळीत. तो हाताला लागला की आग आणि खाज. याचं विष हृदयावर जातं. आणखी एक खूण कॅलेंडरची: याचा फुलांचा दांडा उन्हाळ्यात, पानं नसताना, उघड्या माळावर काठीसारखा उभा असतो. पानं येतात पावसात. मे महिन्यात जिथे असे दांडे दिसले ती जागा लक्षात ठेवून जूनमध्ये तिथली पात खुडायची नाही.

दुसरी कळलावी. मोठं झाड कोणीही ओळखेल, लाल-पिवळं फूल, गौरीपुढे ठेवतात ती. पण जूनमधलं वीतभर रोप फसवतं. मोठ्या पानाचं टोक वळून त्याचा ताणा होतो आणि तो शेजारच्या गवताला विळखा घालतो. कोवळ्या रोपाच्या खालच्या पानांना मात्र असं टोक नसतं. म्हणून ताण्याची वाट न बघता खोड बघायचं. कळलावीची पानं उभ्या खोडावर असतात, फोडशीची जमिनीतून. खाली कंद नांगराच्या फाळासारखा कोनात वळलेला. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते यावरूनच.

तिसरी काळी मुसळी. ती विषारी नाही, फक्त भाजी होत नाही. पानाला खजुरीच्या रोपासारख्या उभ्या चुण्या, बोट फिरवलं तर चरबरीत, आणि पिवळं फूल अगदी मातीला टेकलेलं. फोडशीचं फूल पांढरं आणि दांड्यावर वर.

उंबरठा
एक शंका. कोळकांद्याची किंवा कळलावीची चुकून दोन पाती आलीच तर उकळून पाणी फेकून दिलं की झालं ना? रानभाज्या बहुतेक तशाच करतात.

पानदेठ
नाही. हा समज घातक आहे म्हणून लांब उत्तर.

पाणी फेकून देणं हा एकच इलाज सगळ्यावर चालत नाही. कशासाठी फेकतो ते बघा. भारंगीचा पाला उकळून पिळतात तो कडूपणा काढायला. तिथे विषाचा प्रश्नच नाही. बांबूच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, म्हणून पातळ चिरून रात्रभर पाण्यात, सकाळी पाणी बदलून उकळायचं, आणि झाकण न ठेवता. तो वायू वाफेबरोबर उडून गेला पाहिजे, झाकण ठेवलं तर त्यातलाच काही परत पातेल्यात उतरतो. शेवळाची खाज सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे, तिला आंबट लागतं. कळलावीतलं कोल्चिसिन हे विष मात्र उकळीने मरत नाही. चार पाण्यातून काढली तरी ती कळलावीच.

आणि हे विष लगेच कळत नाही. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, तोवर माणूस म्हणतो दुपारचं जेवण बाधलं असेल. अशा वेळी घरगुती उतारा शोधत बसू नये. उरलेली भाजी, आणि मिळाली तर न शिजवलेली पात पिशवीत घालून सरळ दवाखाना गाठायचा. डॉक्टरला भाजी बघता आली तर निम्मं काम होतं.

काकडकुंपण
शेवळाचा विषय निघालाच आहे तर.

शेवळं रोहिणीच्या सरी पडल्या की येतात, मृगात भर असतो, पंधरवड्यात संपतात. आधी फूल, मागून पान. जी भाजी म्हणून आणतात ती न उमललेली कळी असते: भाल्यासारखी टोकदार, मातकट जांभळी. उमलली की दुर्गंधी सुटते आणि माश्या गोळा होतात, म्हणून बंद असतानाच काढतात. बाजारात जुडीतली दोन-चार उमललेली असतील तर ती बाजूला काढा.

हिचा तोतया सापकांदा, अरिसिमा. तोही पहिल्या पावसात, तोही पानाआधी. फरक डोक्याशी: शेवळाचं आवरण सरळ टोकाला निमुळतं होत जातं, सापकांद्याचं खाली नळीसारखं आणि वर फण्यासारखं पुढे झुकलेलं. अगदी कोवळी कळी असेल तर रंगावर जाऊ नका, एक उभी चिरून बघा. शेवळाच्या आतला दांडा दोन भागांचा दिसतो: बुडाकडे दाणेदार पिवळसर, वर लांब गुळगुळीत.

तो दाणेदार भाग म्हणजेच फुलं, आणि खाज मुख्यतः तिथलीच. दहा-बारा शेवळांची भाजी असेल तर प्रत्येकाचं आवरण उलगडून तेवढा भाग नखाने खरवडून टाकायचा. बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं, पाणी सुटून आटेपर्यंत. मग बारा-पंधरा काकडं ठेचून पाण्यात कोळून ते गाळलेलं पाणी घालायचं. काकडं म्हणजे गरुगा पिन्नाटाची हिरवी आंबट फळं. शेवळं विकणाऱ्या बाईच्या टोपलीत शेजारीच वाटा लावलेला असतो. नसतील तर चिंच किंवा आमसूल, पण हात सैल सोडून. घसा खवखवला तर समजा की परतणं घाईत झालं किंवा पिवळा भाग राहिला.

शेंडेफळ
टाकळा आणि कासविंदा यावर कोणी लिहीत नाही, कारण दोन्ही रस्त्याकडेला आणि दोन्ही "टाकळाच" म्हणून खपतात.

टाकळ्याला पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानातल्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या. टोकाची जोडी सगळ्यात मोठी, पर्णिका शेंड्याला गोल. खालच्या जोड्यांच्या मधे, देठावर, टाचणीच्या डोक्याएवढा उभा उंचवटा असतो. भिंगाची गरज नाही, पान उन्हात तिरकं धरलं की दिसतो. कासविंद्याच्या जोड्या जास्त, चार-पाच, पर्णिका टोकदार, आणि तो उंचवटा जोड्यांमधे नसून देठाच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ. शेंगा आल्यावर तर प्रश्नच नाही: टाकळ्याची बारीक, लांब, वाकडी; कासविंद्याची चपटी आणि रुंद. पण भाजी खुडायची ती फुलाच्या आधी, त्यामुळे शेंगेचा उपयोग मागच्या वर्षीची वाळकी झाडं शेजारी उभी असतील तेवढाच.

कासविंद्याच्या बिया लहान मुलांना घातक आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात मुलं आजारी पडून दगावण्याचं एक कारण याच बिया निघाल्या. तेव्हा मुलांना टाकळा खुडायला पाठवणार असाल तर उंचवटा दाखवून मगच पाठवा.

अजून एक: मोजणी दिवसाउजेडी करा. संध्याकाळी टाकळा पानं मिटतो, पर्णिका एकमेकींवर चिकटतात आणि तीनच्या दोन वाटतात.

उंबरठा
घोळ ही भाजी आणि दुधी (भोपळा नव्हे, चिकाचं तण) यांचंही लिहा, कुंडीतसुद्धा येतात.

शेंडेफळ
दोन ओळींचं काम. देठ मोडा. घोळीतून पाण्यासारखा बुळबुळीत रस येतो, दुधीतून पांढरा चीक. पांढरं दिसलं की टाकून द्या. घोळीचं पान जाड, रसरशीत, दुधीचं पातळ. जुडीत दोन्ही एकत्र येतात, कारण दोन्ही जमिनीलगत पसरतात आणि खुडणारा मुठीने ओढतो. निवडताना काडी-काडी मोडणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

डोंगरकाठी
वेलांकडे वळतो, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

चाईचा मोहोर गणपतीच्या आसपास बाजारात येतो. चाई म्हणजे डायोस्कोरिया पेंटाफायला. नावातच पाच आहे, पण वेलाच्या शेंड्याकडची पानं तीन पर्णिकांचीही असतात. आणि जी कायम तीनच पर्णिकांची असते ती बैचांदी, डायोस्कोरिया हिस्पिडा, तिचा कंद विषारी. म्हणून शेंड्याचं पान बघून निर्णय घेऊ नका. वेल हाताने खाली ओढत या, बुडाकडची पानं मोजा. खाली कुठेच पाच नसतील तर वेल सोडून द्या. बैचांदीची मधली पर्णिका मोठी, वर रुंद. बाजूच्या दोन एकाच अंगाला फुगलेल्या. काटे दोघींनाही असतात, त्यामुळे काट्यावरून भेद होत नाही.

कडू करांद्याचं पान साधं, हृदयाच्या आकाराचं, वेलाला काटे नाहीत आणि पानांच्या बगलेत बटाट्यासारख्या गाठी लोंबतात. कोनफळाच्या वेलाला चार कडा, त्यांना पातळ पंखासारखी किनार.

आता यातली खरी अडचण. मोहोर पावसाळ्यात, पण कंद खणायचे दिवाळीनंतर, वेल वाळल्यावर. तेव्हा पानं गळालेली. मग काय बघायचं? वाळकी दोरी. झाडाला गुंडाळलेला वाळका वेल आपली वळायची दिशा सोडत नाही. कोनफळ एका दिशेने वळतं; चाई, करांदा आणि बैचांदी तिघी त्याच्या उलट. काटे आणि कडाही वाळल्यावर तशाच राहतात. म्हणजे कडा असलेली, उलट वळणाची दोरी असेल तर कोनफळ. बिनकाट्याची, करांद्याच्या वळणाची असेल तर करांदा. पण काटे असलेली दोरी निघाली तर चाई की बैचांदी हे वाळल्या वेलावरून सांगता येत नाही. तिथे खणायचं नाही. ज्याला चाई खणायची आहे त्याने भाद्रपदात पानं मोजून बुंध्यापाशी दगड रचून ठेवलेला असतो.

भातखाचर
वळणाची दिशा बघताना एक चूक सर्रास होते. वेलाकडे वरून बघितलं तर दिशा एक वाटते, खालून बघितलं तर उलट. म्हणून "डावी", "उजवी" म्हणूच नका. वेलासमोर उभे राहा आणि तुमच्या बाजूने दिसणारा पट्टा खालून वर जाताना कोणत्या खांद्याकडे चढतो ते बघा. परसातल्या ओळखीच्या कोनफळाशी ताडून ठेवलं की रानात गोंधळ होत नाही.

काकडकुंपण
कडू करांद्याच्या चकत्या पातळ कापून राखेच्या पाण्यात उकळायच्या आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, मग खायच्या, ही जुनी रीत. चकती जाड राहिली की आतला कडूपणा निघत नाही. बैचांदीचीही अशी रीत आहे, दिवसच्या दिवस वाहत्या पाण्याची, पण ती वाचून करायची गोष्ट नव्हे. ती इथे लिहू नये असं माझं मत.

पानदेठ
सहमत.

उंबरठा
करटोलीबद्दल? कुंपणावर वेल भरपूर आहे, फुलं येतात, फळ धरत नाही. वांझ असेल तर काढून टाकावा का?

डोंगरकाठी
अजिबात काढू नका. करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. ज्याला "वांझ" म्हणून उपटतात तो नर, आणि तो गेला की आजूबाजूच्या माद्यांचीही फळं बंद होतात. फुलाच्या मागे बघा: मादी फुलामागे छोटं काटेरी करटोलं आधीपासूनच असतं. नर फुलामागे नुसता देठ, आणि कळीवर टोपीसारखं एक पान. लागवड करणारे आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवतात. फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा बघायचं तर दिवेलागणीला जा.

फळ नसताना तोतये ओळखायचे असतील तर ताणा बघा. करटोलीचा ताणा एकेरी, फाटा नसलेला. कवंडळाच्या ताण्याला फाटे, शिवलिंगीच्या ताण्याला दोन. कवंडळाचं फूल पांढरं, झालर लावल्यासारखं, फळ गुळगुळीत लाल. शिवलिंगीचं फळ बोराएवढं, पांढऱ्या पट्ट्यांचं. दोन्ही खायची नाहीत.

आणि काकडीच्या कुळातलं काहीही, अगदी बाजारातला दुधी भोपळासुद्धा, अनपेक्षित कडू लागला तर थुंकून टाका. तिथे कडूपणा हीच धोक्याची सूचना. पण हा नियम त्या कुळापुरताच. विषारी वनस्पती कडूच लागते असं काही नाही.

भातखाचर
अळंबीवर कोणीतरी लिहा, लोक विचारणारच आहेत.

मातीमोल
लिहितो, पण कोकण-गोव्यातल्या एकाच अळंबीबद्दल. बाकीच्या अळंब्या मंचावर शिकू नयेत.

गोव्यात जिला रोयण म्हणतात ती वारुळावर येते. वाळवी वारुळात बुरशीची बाग राखते, तिच्यातून ही अळंबी वर येते, म्हणून तिच्या देठाला खाली लांब सोट असतो, थेट बागेपर्यंत गेलेला. छत्रीच्या मधोमध टोक, माती फोडून वर यायला. पाहायच्या गोष्टी तीन: वारूळ, सोट, टोक. तिन्ही हव्यात. देठ मोडून आणली तर सोट वारुळातच राहतो आणि सगळ्यात पक्की खूण जाते. याच कारणाने विषारी अमानिटाही निसटते: तिच्या देठाच्या बुडाशी मातीत पिशवीसारखं आवरण असतं, तेही मोडताना खालीच राहतं. बोटाने माती मोकळी करून बूड दिसेपर्यंत उकरायचं. फोडशीलाही बूड बघायचं आणि अळंबीलाही.

हिरवळीवर, शेणखताच्या जागी मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची अळंबी येते, क्लोरोफायलम. पोट उलटंपालटं करण्यात सगळ्यात जास्त वाटा हिचाच असावा. खालच्या पाकळ्या आधी पांढऱ्या, मग हिरवट. शंका असेल तर छत्री देठापासून कापून पालथी, अर्ध्या काळ्या-अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवायची, वर वाटी झाकायची, रात्रभर. सकाळी कागदावर भुकटी पडलेली असते. रोयणीची फिकट गुलाबीसर, क्लोरोफायलमची हिरवट, अमानिटाची पांढरी. कागद दोन रंगांचा घ्यायचा तो पांढरी भुकटी पांढऱ्यावर दिसत नाही म्हणून.

आता ज्या खुणा खोट्या आहेत त्या. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण काळा पडतो, किड्याने खाल्लेली चालते. तिन्ही निरर्थक. गोगलगायी विषारी अमानिटा सुखेनैव खातात. आणि विषारी अळंबी चवीला वाईट नसते. खाल्ल्यावर अर्ध्या दिवसाने उलट्या सुरू झाल्या तर ते लगेच होणाऱ्या उलट्यांपेक्षा गंभीर. मधे बरं वाटलं म्हणून दवाखान्यातून घरी येऊ नये, यकृताचं नुकसान त्या बरं वाटण्याच्या काळातच चालू असतं.

शेंडेफळ
किड्याचा मुद्दा भाजीलाही लागू. "पानाला भोकं आहेत म्हणजे चालतं" हे वाक्य बाजारात रोज ऐकू येतं.

ओढाकाठ
धागा भाज्यांचा आहे, तरी मुठ्यांबद्दल, म्हणजे ओढ्यातल्या खेकड्यांबद्दल, दोन शब्द, कारण ते याच दिवसांत आणि याच ओढ्यांना. उलटा धरून पोटाची पट्टी बघायची. अरुंद, टोकदार पट्टी नराची. रुंद, पोटभर पसरलेली मादीची. मादीच्या पट्टीखाली पिल्लं असतात, मुंग्यांसारखी वळवळणारी. तशी मादी सोडून द्यायची. धरताना मागून, पाठीच्या कवचाच्या दोन्ही कडांना. नांग्या तिथवर पोचत नाहीत.

पानदेठ
ओढाकाठ, चालेल. सापांचा मात्र वेगळा धागा काढू या.

मला नोंदींबद्दल विचारायचं होतं. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली गावोगावी समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्या. बऱ्याच वह्यांत भाजीचं नाव, शास्त्रीय नाव आणि "उपयोग: खाण्यासाठी" एवढंच असतं. अशा नोंदीवरून कोणी भाजी ओळखू शकणार नाही. कोणी नीट नमुना दिला तर बरं होईल.

भातखाचर
फोडशीचं उदाहरण घेऊन, आम्ही ज्या क्रमाने भरतो तो असा. गावातलं नाव, बोलताना जसं म्हणतात तसंच, प्रमाण मराठीत सुधारून नाही. शेजारच्या गावातलं नाव वेगळं असेल तर तेही. जागा: कातळ, माळ, बांध, सावली. कोणत्या नक्षत्रात येते आणि कधी खाणं थांबवतात. कोणता भाग, कोणत्या अवस्थेत. मोडल्यावर काय दिसतं. बुडाशी काय आहे. काय टाकून द्यायचं: फोडशीत पातींच्या मधला फुलाचा कडक दांडा. तोतया कोणता आणि त्याच्याशी फरक कशात. आणि ज्या बाईने सांगितलं तिची परवानगी, तिचं नाव नोंदवायचं की नाही हेही तिनेच ठरवायचं.

दोन फोटो: एक पातीचा, एक धुतलेल्या मुळांचा, शेजारी मापासाठी काडेपेटी. फुलाचा फोटो सगळे लावतात, पण भाजी खुडताना फूल नसतं. ओळखीची ॲपं रानभाजीला चुकतात ती मुख्यतः यामुळेच. त्यांना फुललेलं झाड दाखवलेलं असतं आणि आपण कोवळी पात दाखवतो.

मातीमोल
वेगवेगळ्या भाषांतली नावं शेजारी-शेजारी लिहायची रीत जुनी आहे. 'हॉर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यातल्या चित्रांवर झाडाचं नाव लॅटिन आणि मल्याळमबरोबर देवनागरीतही आहे. इट्टी अच्युदन या मलबारी वैद्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांनी त्या कामात माहिती दिली, आणि त्यांचं कोंकणीतलं प्रमाणपत्र ग्रंथात छापलेलं आहे. माहिती देणाऱ्याचं नाव ठेवायचं की नाही याचं उत्तर तिथे आहे.

काकडकुंपण
नमुन्यात एक भर: "कधी खाणं थांबवतात" याच्या शेजारी "कधी सुरू करतात" हेही. पालघर-जव्हारकडे नवी कोळीची भाजी देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत. कारण श्रद्धेचं असेल, पण परिणाम असा की पहिल्या सरीनंतर चार दिवसांत, कोंब बोटभर असताना, कोणी खुडत नाही. पात ओळखता येईल एवढी होते, मगच टोपलीत येते. आपण शहरात पहिल्याच जुडीवर तुटून पडतो आणि ती जुडी सगळ्यात कोवळी, म्हणजे ओळखायला सगळ्यात अवघड.

उंबरठा
बाजारातून आणलेल्या जुडीला बूड नसतंच, विळ्याने कापलेली असते. मग मुळी कशी बघणार?

भातखाचर
बरोबर प्रश्न. जुडी सोडून पाती एकेक कागदावर पसरा. सगळ्या एका रुंदीच्या, दुमडलेल्या, बुडाशी पांढऱ्या असायला हव्यात. खोडाचा तुकडा आणि त्यावर एकाआड एक पानं असतील तर ती काडी बाहेर. टोक वळलेलं असेल तर बाहेर. बुडाशी पापुद्र्याचा अगदी छोटा तुकडा जरी चिकटलेला असेल तर बाहेर, आणि तशा दोन निघाल्या तर अख्खी जुडी बाहेर. तीसेक रुपयांची भाजी आहे. आणि दर आठवड्याला त्याच बाईकडून घ्या. ती स्वतः खुडते की दुसऱ्याकडून आणते ते विचारा. स्वतः खुडणारी जागा सांगते, मुळीही दाखवते.

पानदेठ
नमुना पक्का करतो. "तोतया" हा रकाना नावाच्या लगेच खाली घेतो, शेवटी नको. आणि फोडशीच्या पानावर गावातलं नाव "कोळी" असेल तिथे पुढेच, त्याच ओळीत, "कोळकांदा नव्हे" असं लिहू या.